आधी उत्तर ठरवा, मग प्रश्न लिहा

प्रश्नमंजूषेत वाद झाला की सगळे क्विझमास्टरवर घसरतात. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. त्याच्या हातात जो कागद दिलाय तो त्याने वाचला, बस्स. घोळ घातलेला असतो प्रश्न लिहिणाऱ्याने. मी त्या प्रश्न लिहिणाऱ्यांपैकी. माईक हातात घ्यायची मला हौस नाही, बझरवर तर माझा हात कायम उशिराच पडतो. पण एखादं वाक्य चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहायला मला मनापासून आवडतं, आणि प्रश्न लिहिणं म्हणजे बरंचसं तेच असतं.

नवीन लिहिणारे हमखास एक गोष्ट करतात. कुठेतरी मजेदार माहिती वाचली की तिला शेवटी प्रश्नचिन्ह लावून मोकळे होतात. ‘पोलोनियमचा शोध कोणी लावला?’ हा असा प्रश्न. ज्याला पाठ आहे तो सांगणार, ज्याला नाही तो खांदे उडवणार. दोघांनाही डोकं चालवायची गरज पडली नाही. माझी पद्धत उलटी आहे. आधी उत्तर निवडायचं. ते ऐकल्यावर, ज्याला आलं नाही त्यालाही ‘हात्तिच्या, हे होय!’ असं वाटलं पाहिजे. म्हणजे उत्तर लोकांच्या ओळखीचं हवं, तिथवर जायची वाट मात्र नवी हवी.

समजा उत्तर ठरलं ‘पोलोनियम’. आता त्याच्याबद्दल जे जे माहीत आहे ते एका कागदावर मांडायचं. १८९८ मध्ये सापडलं. मेरी आणि पिएर क्युरींनी शोधलं. मेरीच्या मायदेशावरून, पोलंडवरून, नाव ठेवलं. आणि त्या काळी पोलंड नावाचा स्वतंत्र देशच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो आपसात वाटून घेतला होता. या चार ओळींतली शेवटची ओळ सोन्याची. तिच्यावर प्रश्न उभा करायचा:

‘१८९८ मध्ये सापडलेल्या एका मूलद्रव्याला त्याच्या शोधकर्त्यांनी एका देशाचं नाव दिलं. त्या वेळी तो देश स्वतंत्र राष्ट्र म्हणून नकाशावर नव्हता. हे मूलद्रव्य कोणतं?’

आता हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय चालेल ते बघा. एकाला साल ऐकूनच क्युरी आठवतील. दुसऱ्याला साल काही सांगत नाही, पण तो देशांच्या नावांची मूलद्रव्यं मोजायला लागेल: फ्रान्सियम, जर्मेनियम, पोलोनियम. फ्रान्स आणि जर्मनी तर तेव्हा नकाशावर होतेच, मग उरलं कोण? तिसऱ्याला रसायनशास्त्राचा गंध नाही, पण इतिहास पक्का आहे. तो पोलंडच्या फाळणीवरून येईल. तिघे तीन दारांनी आले आणि एकाच खोलीत पोचले. प्रश्नाला निदान दोन दारं असावीत, हा माझा हट्ट आहे. एकच दार असलेला प्रश्न चुकीचा नसतो, फक्त कोरडा असतो.

इथे एक तपासणी राहिलीच. १८९८ मध्ये रेडियम, निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉनही सापडली. त्यांतल्या एकाचंही नाव देशावरून नाही, म्हणून प्रश्न टिकला. ही तपासणी माझ्या लेखी प्रश्न लिहिण्याचाच भाग आहे. आपल्याला हवं ते उत्तर बरोबर आहे का एवढं बघून भागत नाही. दुसरं कुठलं उत्तर बरोबर ठरू शकतं का, हे मुद्दाम, वकिलासारखं शोधावं लागतं.

उदाहरणार्थ, ‘दोनदा नोबेल पारितोषिक मिळवणारी व्यक्ती कोण?’ लिहिणाऱ्याच्या मनात मेरी क्युरी असते, १९०३ चं भौतिकशास्त्राचं आणि १९११ चं रसायनशास्त्राचं. पण समोरून कोणी ‘जॉन बार्डीन’ म्हणालं तर? त्यांना भौतिकशास्त्राचंच दोनदा मिळालंय, १९५६ आणि १९७२ मध्ये. फ्रेडरिक सँगर आणि बॅरी शार्पलेस यांना रसायनशास्त्राचं दोनदा. लायनस पॉलिंगना १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. म्हणजे एका प्रश्नाला पाच उत्तरं, आणि गुण एकाच उत्तराला. असल्या प्रश्नावर हरकत आली तर ती मान्य करण्यावाचून गत्यंतर नसतं.

मग कुंपण घालायचं. ‘दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांमध्ये’ एवढे शब्द घातले की बार्डीन, सँगर, शार्पलेस बाहेर गेले, शांततेचं पारितोषिक विज्ञानाचं नाही म्हणून पॉलिंगही गेले. आत उरली एकटी क्युरी. गंमत म्हणजे त्याच माहितीतून दुसरा, जास्त चांगला प्रश्न निघतो: ‘दोन नोबेल पारितोषिकं मिळाली आणि दोन्ही वेळा ती कोणाशीही वाटून घ्यावी लागली नाहीत, अशी एकमेव व्यक्ती कोण?’ उत्तर पॉलिंग. इथे ‘व्यक्ती’ हा शब्द सोडू नका. तो काढून ‘असे एकमेव’ लिहिलंत तर संस्थांची नावं यायला लागतील. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीला शांततेचं पारितोषिक तीनदा मिळालंय, आणि १९१७ आणि १९४४ ची तिची पारितोषिकं तिला एकटीलाच मिळाली होती.

‘पहिला’, ‘सर्वात’ आणि ‘एकमेव’ हे तीन शब्द माझ्या कागदावर आले की मी त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारते. वाईट शब्द नाहीत ते, त्यांच्यावाचून अर्धी प्रश्नमंजूषा ओस पडेल. पण दहापैकी नऊ वाद त्यांच्या घरचे असतात. ‘जगातील सर्वात उंच पर्वत’ म्हणालात तर एव्हरेस्ट हे उत्तर समुद्रसपाटीपासून मोजलं तर बरोबर. पायथ्यापासून मोजायचं ठरवलं तर हवाईतला मौना केआ पुढे जातो, त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर इक्वेडोरमधला चिंबोराझो, कारण पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे. ‘समुद्रसपाटीपासून’ हा एक शब्द घातला की विषय संपतो. ‘सर्वात मोठं वाळवंट’ म्हणून सहाराची अपेक्षा धरली असेल तर ‘उष्ण’ शब्द हवाच, नाहीतर अंटार्क्टिका म्हणणाऱ्याला गुण द्यावे लागतील, आणि द्यायलाच हवेत. ‘सर्वात लांब नदी’ मात्र मी लिहीतच नाही. नाईल की ॲमेझॉन यावर मोजणारेच भांडतात. आपण कशाला मधे पडा?

‘पहिला’चंही तसंच. ‘भारताचा पहिला चित्रपट’ म्हटलं की निम्मी सभा ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणते, तो प्रदर्शित झाला ३ मे १९१३ ला. पण दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला पडद्यावर आला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होता, म्हणून त्याला धरायचं की नाही हा वाद जुना आहे. तो वाद आपल्या प्रश्नात सोडवायचा नसतो. ‘१९१३ मध्ये प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट कोणता?’ असं विचारलं की कोणी हात वर करत नाही.

आता लिंगाबद्दल, कारण मराठीत लिहिणाऱ्याला हा त्रास फुकटचा आहे. आपलं क्रियापद आणि सर्वनाम उत्तर फोडतात. ‘रेडियमचा शोध लावणारी शास्त्रज्ञ कोण?’ असं म्हटलंत की ती बाई आहे हे प्रश्नानेच सांगून टाकलं. ‘कोणती?’ विचारलं की नदी, ‘कोणता?’ विचारलं की पर्वत. पर्याय दिलेले असतील तर ही फितुरी आणखी महागात पडते. चारपैकी तीन नावं पुल्लिंगी आणि प्रश्नाच्या शेवटी ‘होती’, म्हणजे विचारलंच कशाला? उपाय साधे आहेत. ‘व्यक्ती’ हा शब्द वापरा, तो स्त्रीलिंगी असला तरी पुरुषालाही चालतो. ‘शोधकर्त्यांनी’, ‘ज्यांनी’, ‘यांनी’ असं आदरार्थी बहुवचन वापरा. किंवा सरळ ‘नाव सांगा’ म्हणून मोकळे व्हा. वर पोलोनियमच्या प्रश्नात ‘शोधकर्त्यांनी’ लिहिलं ते उगाच नाही.

मराठीची दुसरी खोड वाक्यरचनेची. आपला प्रश्नवाचक शब्द बऱ्याचदा शेवटाला येतो आणि त्याच्या आधी विशेषणांची वरात निघते. कागदावर वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, कान जात नाही. हे बघा:

‘जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या मोहिमेतील, आपले दोन सहकारी चांद्रभूमीवर असताना कोलंबिया नावाच्या यानात चंद्राभोवती एकट्याने प्रदक्षिणा घालत राहिलेल्या अंतराळवीराचे नाव काय?’

माहितीत एक चूक नाही. पण ऐकणाऱ्याला ‘अंतराळवीराचे नाव’ हे शब्द येईपर्यंत आपल्याला माणूस हवाय, यान हवंय की मोहीम, हेच कळत नाही. तो सगळे तपशील हातात धरून ताटकळत उभा. हेच असं लिहून बघा: ‘या अंतराळवीराचं नाव सांगा. जुलै १९६९ मध्ये त्यांचे दोन सहकारी चंद्रावर उतरले. त्या वेळी ते कोलंबिया यानातून चंद्राभोवती एकटेच फिरत होते.’ काय हवंय ते पहिल्याच वाक्यात कळलं. मायकेल कॉलिन्स हे नाव आठवायला आता कान मोकळा आहे. एका वाक्यात एक गोष्ट, आणि प्रश्न तीन वाक्यांच्या पुढे गेला तर कात्री.

बझरची फेरी असेल तर माहितीचा क्रमही ठरवावा लागतो. अवघड धागा आधी, सोपा शेवटी. ज्याचा अभ्यास खोल आहे त्याने पहिल्या वाक्यात बझर दाबावा, बाकीच्यांनी तिसऱ्यात. ‘आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांच्याबरोबर’ असं सुरुवातीलाच सांगून टाकलंत तर ज्ञानाची स्पर्धा उरत नाही, बोटांच्या चपळाईची होते. मात्र पहिला धागा कितीही अवघड असला तरी तो खरा असला पाहिजे आणि त्याचं बोट एकाच उत्तराकडे असलं पाहिजे. पहिल्या वाक्यावर दोन उत्तरं बरोबर आणि तिसऱ्यावर एक, असा प्रश्न घेऊन बझर फेरीत उतरू नये. कोणीतरी पहिल्याच वाक्याला दाबणार, आणि त्याचं उत्तर बरोबरही असणार.

प्रश्न मोठ्याने वाचून बघण्याला पर्याय नाही. मी माझ्या भाचीला वाचायला लावते, कारण तिने तो आधी पाहिलेला नसतो. ती जिथे अडखळते तिथे क्विझमास्टरही अडखळणार. परदेशी नावांपुढे उच्चार लिहून ठेवा.

पर्यायी उत्तरांचे प्रश्न लोकांना सोपे वाटतात. लिहायला ते दुप्पट कष्टाचे असतात, कारण तीन चुकीची उत्तरंही तितक्याच काळजीने लिहावी लागतात. ‘दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचलेल्या तुकडीचं नेतृत्व कोणी केलं?’ पर्याय: अमुंडसेन, स्कॉट, शॅकलटन, कोलंबस. हा कोलंबस तिथे काय करतोय? त्याला कोणी निवडणार नाही, म्हणजे पर्याय तीनच झाले. त्याच्या जागी नान्सेन घाला, तेही ध्रुवीय प्रदेशात फिरलेले आहेत, नॉर्वेचेच आहेत. आता अमुंडसेन की नान्सेन यावर गाडी खरोखर अडेल. चकवा पर्याय असा हवा की अर्धवट माहिती असलेला माणूस त्याच्याकडे जाईल आणि पूर्ण माहिती असलेला जाणार नाही.

बाकीचं भराभर सांगते. चारही पर्याय लांबीने सारखे ठेवा. बरोबर पर्याय सगळ्यांत लांब असतो हे मुरलेल्या स्पर्धकांना केव्हाच कळलेलं असतं. आकडे असतील तर चढत्या क्रमाने लावा. ‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘वरीलपैकी नाही’ हे आळसाचे पर्याय आहेत. आणि ‘पुढीलपैकी कोणता देश युरोपात नाही?’ असे नकारार्थी प्रश्न तोंडी फेरीत टाळाच. आपल्याकडे ‘नाही’ वाक्याच्या टोकाला येतो, आणि तोवर उतावळा स्पर्धक मनात उत्तर ठरवून बसलेला असतो. विचारायचंच असेल तर ‘यांपैकी एक देश युरोपाबाहेरचा आहे. तो कोणता?’ असं विचारा.

शिळे होणारे प्रश्न ओळखायला शिका. ‘सध्या’ हा शब्द दिसला की समजा, प्रश्नाला बुरशी लागायला सुरुवात झालीय. शनीला चंद्र किती? २०२३ मध्ये हा आकडा १४६ होता, मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नवे चंद्र मान्य झाले आणि तो २७४ वर गेला. कझाकस्तानची राजधानी अस्ताना होती, २०१९ मध्ये नूर-सुलतान झाली, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. २००६ आधीच्या संग्रहातून ग्रहांवरचे प्रश्न उचलाल तर प्लूटो अजून ग्रहच असेल. यातून वाट काढायची तर प्रश्नातच तारीख बांधायची, किंवा बदल हाच प्रश्न करायचा: ‘२०१९ ते २०२२ या काळात कोणत्या राजधानीचं नाव नूर-सुलतान होतं?’ हा प्रश्न दहा वर्षांनीही ताजा राहील.

नुसतं साल विचारणं मला आवडत नाही. ‘टेलिफोनचं पेटंट कोणत्या वर्षी?’ याचं उत्तर १८७६, पण ज्याला १८७५ वाटलं त्याचं ज्ञान शून्य आहे का? त्यापेक्षा विचारा, ‘पेटंट आधी कशाचं घेतलं गेलं, टेलिफोनचं की फॅक्स यंत्राचं?’ अलेक्झांडर बेन यांनी फॅक्सच्या पूर्वजाचं पेटंट १८४३ मध्येच घेतलं होतं. उत्तर ऐकून सभागृहात कुजबुज होते, आणि मला तीच हवी असते. फक्त प्रश्नात ‘तारेवरून चित्र पाठवणारं’ एवढी खूण घालायला विसरू नका, नाहीतर कोणीतरी आपल्या ओळखीचं फॅक्स मशीन डोळ्यांसमोर आणेल आणि नंतर तक्रार करेल.

पडताळणीबद्दल एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकी लेखकाने आपल्या माहितीकोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती. दूरचित्रवाणी मालिकेतला पोलीस डिटेक्टिव्ह कोलंबो याचं पहिलं नाव ‘फिलिप’ आहे, अशी. आपली माहिती कोणी उचलतंय का हे पकडायला. पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या गाजलेल्या खेळाच्या प्रश्नपत्रिकेत तोच फिलिप अवतरला. वर्थने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. तो हरला, कारण तथ्यांवर कोणाची मालकी नसते असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पण आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे. त्या काळी कोणी दोन ठिकाणी तपासायला गेलं असतं आणि दुसरं ठिकाण पहिल्यावरूनच उतरवलेलं असतं, तर फिलिप दोन्हीकडे सापडला असता. म्हणून ‘दोन ठिकाणी बघितलं’ याला अर्थ तेव्हाच, जेव्हा ती दोन ठिकाणं एकमेकांची नक्कल नसतात. मी शक्य तिथे मुळाशी जाते. नोबेलचं असेल तर नोबेलच्या संस्थेची यादी, चित्रपटाचं असेल तर त्या काळची जाहिरात, कोलंबोचं असेल तर खुद्द मालिका. तिच्यात त्याचं ओळखपत्र दिसतं आणि त्यावर ‘फ्रँक’ लिहिलेलं आहे. माहिती जितकी चटकदार, तितका जास्त संशय घ्यायचा.

प्रश्न लिहून झाला की अर्धंच काम झालेलं असतं. उत्तराच्या रकान्यात एक शब्द लिहून थांबू नका. काय स्वीकारायचं, काय नाकारायचं आणि कुठे ‘अधिक नेमकं सांगा’ म्हणायचं, हे तिन्ही लिहा. ‘क्युरी’ एवढंच उत्तर आलं तर? पिएर क्युरी आहेत, मेरी क्युरी आहेत, आणि १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारी त्यांची मुलगी इरेन जोलिओ-क्युरीही आहे. तिथे क्विझमास्टरने थांबून विचारायला हवं. ‘रूझवेल्ट’ म्हटलं तर थिओडोर की फ्रँकलिन? ‘कोरिया’ म्हटलं तर उत्तर की दक्षिण? पण ‘मायकेल कॉलिन्स’ऐवजी कोणी नुसतं ‘कॉलिन्स’ म्हणालं तर त्या मोहिमेत दुसरा कॉलिन्स नव्हता, गुण देऊन टाका. हे सगळं आधी ठरलेलं असलं की मंचावर चेहरे बघून निर्णय होत नाहीत.

अवघडपणाचा अंदाज लिहिणाऱ्याला कधीच नीट येत नाही, कारण त्याला उत्तर माहीत असतं. कोणाला तरी तोंडी विचारा आणि त्याचा चेहरा बघा. अख्ख्या फेरीत कोणालाच न आलेला प्रश्न लिहिणाऱ्याला हुशार दाखवतो, ऐकणाऱ्यांना मात्र जांभई देतो. पहिला प्रश्न बहुतेकांना यावा, शेवटचा एखाद्यालाच. मधले कसेही लावा.

शेवटी टायब्रेकर, म्हणजे दोन संघांचे गुण सारखे झाले तर निकाल लावणारा प्रश्न. तो नेहमी आधीच लिहून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. टायब्रेकर आकड्याचा असावा, नेमका आकडा कोणालाच पाठ नसावा, पण अंदाज बांधायला वाव असावा. ‘पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर कापायला प्रकाशाला किती सेकंद लागतात?’ उत्तर जवळपास ४९९. ‘सुमारे आठ मिनिटं’ हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, तिथून ४८० म्हणायचं की पुढे सरकायचं, यावर स्पर्धकाचा कस लागतो. ‘सरासरी’ हा शब्द गाळू नका, कारण पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि वर्षभरात हा आकडा साधारण ४९१ ते ५०७ सेकंदांच्या दरम्यान फिरतो. दोन्ही संघांकडून उत्तर कागदावर घ्या, तोंडी घेतलंत तर दुसरा संघ पहिल्याच्या आकड्याला एक जोडून सांगतो. आणि दोघे सारख्याच अंतराने चुकले तर काय, यासाठी दुसरा टायब्रेकर खिशात ठेवा.